अब्बू खाँची बकरी आणि लेकींची पुस्तकं

दर रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ओळखीच्या दोन-चार घरांतून मला एकच विचारणा होते. ईदीत पोरांना यंदा नुसते पैसे नको, सोबत एखादं पुस्तक द्यायचं आहे, कोणतं देऊ? मुलं साधारण चार ते नऊ वर्षांची असतात. काही मराठी शाळेत जातात, काही उर्दू शाळेत आणि अलीकडे बरीचशी इंग्रजी शाळेत. मी पाच-सहा नावं सांगतो आणि मोकळा होतो.

यंदा तसं झालं नाही. यादीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मी माझ्या सात वर्षांच्या लेकीला वाचून दाखवली आणि तिने असा प्रश्न विचारला, की त्या गोष्टीचा इतिहास मला पुन्हा उघडावा लागला. म्हणून या वेळी यादी आहेच, पण ती शेवटी. आधी ही पुस्तकं कुठून आली ते सांगतो. तो इतिहास मराठी मुसलमानांच्या घरात फारसा सांगितला जात नाही. उर्दू शाळेत गेलेल्यांना तो तुकड्या-तुकड्यांनी माहीत असतो आणि मराठी शाळेत गेलेल्या माझ्यासारख्यांना मुळीच नसतो.

डिप्टीसाहेबांची अडचण

सुरुवात एका बापाच्या अडचणीपासून होते. नझीर अहमद हे मूळचे बिजनौरकडचे, दिल्ली कॉलेजात शिकलेले. इंडियन पिनल कोडचं उर्दू भाषांतर करणाऱ्यांपैकी ते एक होते. पुढे डिप्टी कलेक्टर झाले, म्हणून लोक त्यांना ‘डिप्टी नझीर अहमद’ म्हणूनच ओळखतात. त्यांच्या मुली वाचायला शिकल्या होत्या, पण त्यांच्या हाती द्यावं असं पुस्तकच नव्हतं. धार्मिक किताबं होती, फारसीतल्या नीतिकथा होत्या, बाजारात दास्तानं होती. मुलींच्या वयाचं, त्यांच्या घरातल्या बोलीतलं, त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दलचं असं काही नव्हतं. तेव्हा ते स्वतःच लिहू लागले. थोडं लिहायचं, मुलींना द्यायचं, त्यांनी वाचून संपवलं की पुढचं लिहायचं. आज आपण ज्याला ‘प्रकरणांचं पुस्तक’ म्हणतो, ते अशा रीतीने आमच्याकडे घरातल्या घरात तयार झालं.

हेच ‘मिरातुल उरूस’. ते १८६९ मध्ये छापलं गेलं आणि उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. धाकट्या मुलासाठी त्यांनी ‘चंद पंद’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं होतं. असं सांगितलं जातं, की दौऱ्यावर आलेल्या शिक्षण खात्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या मुलाला सहज विचारलं, काय वाचतोस? पोरगा आपलं पुस्तक घेऊन आला, बहिणींचंही घेऊन आला, आणि घरातली वही सरकारदरबारी पोहोचली. सरकारने ‘मिरातुल उरूस’ला एक हजार रुपयांचं इनाम दिलं. त्या काळात हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम.

पुस्तकात दोन बहिणी आहेत. थोरली अकबरी लाडावलेली, भांडखोर. एका ठगणीच्या नादी लागून दागिने घालवून बसते. धाकटी असगरी हुशार. ती घराचा हिशेब ठेवते, चोर नोकराणीला पकडते, सासर मार्गी लावते आणि शेवटी घरातच मोहल्ल्यातल्या मुलींची शाळा सुरू करते. आज वाचताना उपदेश फार वाटतो, हे कबूल. पण दीडशे वर्षांपूर्वी ‘मुलगी शिकली तर घर मोडेल’ असं म्हणणाऱ्यांना या पुस्तकाने ‘मुलगी शिकली तरच घर टिकेल’ असं उत्तर दिलं. त्यामुळेच ते घराघरांत शिरू शकलं.

त्याच वेळी त्या उत्तराची मर्यादाही ओळखायला हवी. असगरी कितीही हुशार असली तरी तिची सारी हुशारी चार भिंतींच्या आत खर्च होते. डिप्टीसाहेब लेकीला वाचायला शिकवतात, पण काय वाचायचं ते आपल्या हाती ठेवतात. त्यांच्याच ‘तौबतुन नसूह’ या कादंबरीत सुधारलेला बाप थोरल्या मुलाची पुस्तकं जाळून टाकतो आणि लेखक त्या बापाच्या बाजूने उभा आहे. मुलांच्या पुस्तकांची निवड करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. चांगलं पुस्तक शोधणारा हात आणि नको ते पुस्तक जाळणारा हात एकाच माणसाचा असू शकतो.

मेरठ, लाहोर आणि उसन्या गोष्टी

पुढची पिढी शाळामास्तरांची. मेरठचे मौलवी इस्माईल (१८४४–१९१७) शिक्षक होते. त्यांनी मुलांसाठी उर्दूची क्रमिक पुस्तकं तयार केली आणि ती अनेक पिढ्यांनी वाचली. त्यांच्या कविता पावसावर, पाणचक्कीवर, घरातल्या जनावरांवर आहेत. गाईवरची त्यांची कविता तर उत्तरेतल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ असते. एक मौलवी मुलांना सांगतो, की गाय दिल्याबद्दल खुदाचे आभार माना. आणि ती कविता हिंदू-मुसलमान दोन्हीकडची मुलं एकाच बाकावर बसून म्हणत होती. आज गाईच्या नावाने काय काय ऐकावं लागतं हे आठवलं, की ती कविता मुद्दाम मुलांपुढे ठेवावीशी वाटते.

इक्बालांच्या ‘बांग-ए-दरा’त (१९२४) मुलांसाठी लिहिलेल्या कविता आहेत. कोळी आणि माशी, डोंगर आणि खार, गाय आणि शेळी. यांतल्या बऱ्याच कविता इंग्रजी कवितांवरून घेतलेल्या आहेत आणि इक्बालांनी ते लपवलेलं नाही. ‘माखूज’, म्हणजे आधारित, असं त्यांनी तिथेच नमूद केलंय. मला ही प्रामाणिक उसनवारी फार आवडते. मुलांच्या गोष्टींना सरहद्द नसते. पंचतंत्र ‘कलीला व दिम्ना’ होऊन बगदादला गेलं आणि तिथून युरोपात पोहोचलं, तेव्हाही हेच घडलं होतं. प्रश्न उसनं घेतलं का, हा नाही. घेतलेल्याचं पुढे काय केलं, हा आहे. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण जामियात सापडतं.

जामियाची प्राथमिक शाळा

जामिया मिल्लिया इस्लामिया असहकाराच्या चळवळीत २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढला सुरू झाली आणि १९२५ मध्ये दिल्लीला हलली. पैसा नव्हता, इमारत नव्हती, बंद पडायची वेळ आली होती. १९२६ मध्ये झाकिर हुसैन बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी ती संस्था हाती घेतली. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. पण हा अर्थशास्त्राचा डॉक्टर विद्यापीठाच्या वर्गाइतकाच प्राथमिक शाळेत रमायचा, हे कुणी सांगत नाही.

‘मकतबा जामिया’ ही प्रकाशन संस्था १९२२ पासून होतीच. तिची मुंबईची शाखा जे. जे. हॉस्पिटलजवळ प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये होती. १९२६ मध्ये ‘पयाम-ए-तालीम’ निघू लागलं आणि पुढे ते मुलांचं मासिक म्हणून नावाजलं. त्याच वर्षी आपल्या बाजूला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक नूतन बालशिक्षण संघाची उभारणी करत होते. मूल म्हणजे भरायची रिकामी घागर नव्हे, हा विचार त्या काळात देशात अनेक ठिकाणी एकदम उगवला होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, तेव्हा नव्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद झाकिर हुसैनांकडेच आलं. ‘नई तालीम’ची मुळं अशी वर्ध्यातही आहेत आणि जामियातही.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिला बसवायला नवाब बोलावला नाही, पुढारी बोलावला नाही. शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याच्या हातून ती बसवली. बर्लिनच्या दिवसांतली झाकिरसाहेबांची ज्यू मैत्रीण गेर्डा फिलिप्सबोर्न याच काळात जर्मनी सोडून जामियात आली, लहान मुलांत काम करू लागली आणि सगळ्यांची ‘आपाजान’ झाली. १९४३ मध्ये ती दिल्लीतच वारली. तिची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे.

झाकिरसाहेबांची एक मुलगी होती, रैहाना. ती लहानपणीच गेली. जामियात एक आठवण सांगितली जाते. प्राथमिक शाळेच्या समारंभात ते मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने कानात येऊन सांगितलं, की मुलीची तब्येत बिघडलीय. ते वाटत राहिले. थोड्या वेळाने तो पुन्हा आला आणि मुलगी गेल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. नंतर लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, मुलं खुशीत होती, त्यांचा आनंद मोडावासा वाटला नाही.

मुलांसाठी त्यांनी ज्या गोष्टी लिहिल्या, त्या स्वतःच्या नावाने छापल्या नाहीत. लेखिकेचं नाव असायचं ‘रुकय्या रैहाना’. गेलेल्या लेकीचं.

बकरी

त्यातलीच ‘अब्बू खाँ की बकरी’. अल्मोड्याला अब्बू खाँ नावाचा एकटा म्हातारा राहतो. बकऱ्या पाळतो, त्यांच्यावर जीव लावतो. पण पहाडी बकऱ्या त्या, एकेक करून दावं तोडून डोंगरावर पळतात आणि लांडग्याच्या तोंडी जातात. पुन्हा बकरी पाळायची नाही असं ठरवूनही एकटेपणाला कंटाळून तो एक पांढरीशुभ्र पाठ आणतो. तिचं नाव चाँदनी. तिला लांब दोर देतो, चांगला चारा देतो. तरी तिची नजर डोंगराकडे. ती जायचं म्हणते तेव्हा तो लांडग्याची भीती घालतो आणि तिला कोठडीत कोंडतो. खिडकी मात्र उघडी राहते.

चाँदनी डोंगरावर दिवसभर हुंदडते. सांजेला खालून अब्बू खाँची हाक येते. क्षणभर तिचा पाय वळतो, मग तिला दावं आठवतं आणि ती थांबते. रात्री लांडगा येतो. तो आपल्याला खाणार हे तिला माहीत आहे, तरी ती शिंगं रोखून रात्रभर लढते. पहाटे खालच्या मशिदीतून अजान ऐकू येते. ती खुदाचे आभार मानते आणि अजान संपता संपता कोसळते. झाडावर बसलेल्या चिमण्यांत वाद होतो, की जिंकलं कोण. सगळ्या म्हणतात, लांडगा. एक म्हातारी चिमणी मात्र ठासून सांगते, की चाँदनी जिंकली.

मूळ गोष्ट फ्रेंच लेखक आल्फाँस दोदे याची. त्याची ही ‘मस्य सगँची बकरी’ ज्या पुस्तकात आली ते १८६९ चं, म्हणजे ‘मिरातुल उरूस’च्याच वर्षाचं. दोदे ही गोष्ट एका कंगाल कवीला उद्देशून सांगतो. स्वातंत्र्याच्या नादात उपाशी मरू नकोस, वर्तमानपत्रातली नोकरी धर, असा त्याचा रोख आहे. तिथे पहाटे कोंबडा आरवतो, बकरी पडते आणि लांडगा तिला खातो. गोष्ट संपते.

झाकिर हुसैनांनी कोंबड्याच्या जागी अजान आणली आणि शेवटी त्या चिमण्या बसवल्या. बदल एवढेच, पण त्यांनी गोष्टीचं तोंड उलट दिशेला फिरलं. जी गोष्ट ‘दावं बरं’ असं बजावत होती, ती ‘दावं तोडणारी हरली नाही’ असं म्हणू लागली. देश गुलाम होता, तेव्हा वाचणाऱ्या मुलांना डोंगर म्हणजे काय आणि दावं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

मला मात्र दुसरीही गोष्ट दिसते. १८६९ च्या बापाने लेकींसाठी असगरी लिहिली, घर सांभाळणारी. पुढच्या बापाने गेलेल्या लेकीच्या नावाने चाँदनी लिहिली, घर सोडून जाणारी. आमच्या मुलींच्या पुस्तकांचा प्रवास या दोघींच्या मधला आहे.

लेकीचा प्रश्न

मी गोष्ट संपवली. आमच्या घरातल्या दखनीत सांगत होतो. लेक रडली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “अब्बा, अब्बू खाँने दावं बांधलंच नसतं तर? सकाळी जा, शामको वापस आ, असं बोलला असता तर? ती आली असती ना हाक ऐकून?”

इतकी वर्षं ही गोष्ट मी ‘गुलामी की मौत’ अशीच वाचत आलो होतो. लेकीने तिसरी वाट दाखवली, आणि ती गोष्टीतच होती. हाक ऐकून चाँदनीचा पाय वळला होता. तिला परत येण्यापासून डोंगराने अडवलं नाही. दाव्याच्या आठवणीने अडवलं.

त्याच आठवड्यात आमच्या घरात थोरल्या पुतणीला बारावीनंतर बाहेरगावी शिकायला पाठवायचं की नाही, यावर बोलणं चाललं होतं. मी, लेख लिहिणारा माणूस, ‘जमाना खराब आहे’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोललो होतो. लांडगा खोटा नाही, हे मला आजही वाटतं. मुसलमान मुलीच्या बापा-काकांना आज रस्त्यावर, बसमध्ये, कॉलेजच्या फाटकावर कशाकशाची धास्ती असते, हे वेगळं सांगायला नको. पण अब्बू खाँचा लांडगाही खरा होता. त्याच्या भीतीत चूक नव्हती. चूक कोठडीत होती.

दुसऱ्या दिवशी मी भावाशी पुन्हा बोललो. पुतणीने फॉर्म भरला आहे.

आता यादी

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिका घ्या. चित्रंही त्यांचीच. घरातली माणसं, शेजार, पाहुणे, लहान मुलाचे राग-लोभ, सगळं आपल्या मराठी घरातलं. उपदेश नाही. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

पाच ते सात वर्षांसाठी चेन्नईच्या ‘तूलिका’ प्रकाशनाची दोन पुस्तकं. फौजिया गिलानी-विल्यम्स यांचं ‘इस्मत्स ईद’: इस्मत ईदसाठी घरच्यांना भेटी आणतो आणि स्वतःला पायजमा. तो लांब होतो. आखूड करून द्यायला आधी कुणालाच वेळ नसतो आणि नंतर प्रत्येक जण गुपचूप करून ठेवतो! ईदच्या पुस्तकात हसू असावं, हे या पुस्तकाला कळलंय. दुसरं नीना सबनानी यांचं ‘मुकंद अँड रियाझ’. १९४७ च्या कराचीतले दोन दोस्त. रियाझ मुकंदच्या कुटुंबाला सुखरूप बोटीपर्यंत पोहोचवतो. गोष्ट लेखिकेच्या वडिलांच्या आठवणींतून आली आहे आणि चित्रं कापडाचे तुकडे जोडून केलेल्या भरतकामाच्या धर्तीची आहेत. फाळणी मुलांना कशी सांगावी, याचा हा धडा आहे.

सहाच्या पुढे प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३). आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून शिकवतो आणि कंटाळवाणी करतो. मुलांना वाचून दाखवताना जत्रेतला वाद रंगवून वाचा. तीन पैशांचा चिमटा घेतलेला हामिद नुसत्या बोलण्याने शिपाई, वकील आणि भिश्ती या सगळ्या खेळण्यांना कसा चीत करतो, ते मुलांना फार आवडतं. दादीचे डोळे शेवटी आपोआप भरून येतात.

सात-आठ वर्षांच्या मुलांना प्रकरणांचं पहिलं पुस्तक द्यायचं असेल तर ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागींचं हे जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलं, नॅशनल बुक ट्रस्टने छापलं. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा आणि पहिल्याच दिवशी एका लहान मुलीचं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. प्रकरणं छोटी आहेत, रोज रात्री दोन होतात. उर्दू वाचणाऱ्या घरात कृष्ण चंदरांचं ‘उल्टा दरख्त’ आणा. त्यातलं झाड वर न वाढता जमिनीखाली वाढत जातं आणि युसूफ नावाचा मुलगा त्यावरून खाली उतरत जातो.

पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. वाचनाच्या पातळ्या दिलेल्या असतात. एकच पुस्तक दोन्ही भाषांत मिळालं तर एक भावंड मराठीतून वाचतं आणि दुसरं उर्दूतून. आमच्या घरात हा खेळ चांगला चालला.

आणि ‘अब्बू खाँ की बकरी’. उर्दूत आणि हिंदीत मिळते. सात वर्षांच्या आतल्या मुलांना नको, कारण शेवटी मरण आहे. वाचून दाखवाल तेव्हा पुस्तक मिटून लगेच उठू नका. बसून राहा. मूल काहीतरी विचारेल, आणि ते तुम्हाला उद्देशून असेल.